चिपची आज्ञाधारकता आणि लहरींचा झोत : सायबर युद्धातील निर्देशित ऊर्जेचा लष्करी वापर

निर्देशित ऊर्जा म्हणजे लक्ष्यावर गोळी, स्फोटक किंवा अन्य वस्तू न फेकता केवळ विद्युतचुंबकीय लहरींचा अथवा कणांचा झोत ठरलेल्या दिशेने सोडून परिणाम घडवणे, आणि सायबर युद्ध म्हणजे प्रतिपक्षाचे संगणक व त्यांना जोडणारी जाळी यांत शिरून त्यांचे काम बिघडवणे, त्यांतील माहिती काढून घेणे किंवा त्यांना भलत्या कामाला लावणे, अशी या दोन संकल्पनांची ढोबळ व्याख्या केली, तर त्यांचा परस्परांशी फारसा संबंध नसावा असे प्रथमदर्शनी वाटते. लष्करी विचारात मात्र हे अंतर गेल्या दोन दशकांत झपाट्याने कमी झाले आहे. अमेरिकेच्या संयुक्त लष्करी सिद्धांतात निर्देशित ऊर्जेला इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या आक्रमक अंगात स्थान आहे, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये तेथील भूदलाने प्रसिद्ध केलेल्या युद्धपुस्तिकेने सायबर कारवाया व विद्युतचुंबकीय कारवाया एकाच शीर्षकाखाली आणल्या. चीनने 31 डिसेंबर 2015 रोजी स्थापन केलेल्या सामरिक साहाय्य दलात अंतराळ, सायबर आणि इलेक्ट्रॉनिक युद्ध या तिन्ही शाखा एका छत्राखाली होत्या आणि एप्रिल 2024 मध्ये ते दल विसर्जित होईपर्यंत ही रचना टिकली. ही जवळीक प्रशासकीय सोयीपुरती नाही. तिच्यामागे एक भौतिक वस्तुस्थिती आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय या विषयाचे गांभीर्य लक्षात येत नाही.

संगणक-सुरक्षेच्या शास्त्रातील पासवर्ड, संकेतलेखन, फायरवॉल, अधिकारांची उतरंड हे सारे उपाय एका गृहीतकावर उभे आहेत. चिप तिला दिलेली आज्ञा जशीच्या तशी पाळते, मेमरीतला शून्य शून्यच राहतो आणि एक हा एकच राहतो, हे ते गृहीतक. सर्वसाधारण सायबर हल्ला या गृहीतकाला धक्का लावत नाही. तो चिपला चुकीची आज्ञा देतो आणि चिप ती प्रामाणिकपणे पाळते. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने इराणमधील नतांझच्या सेंट्रिफ्यूजांची नासधूस केली तीही याच मार्गाने. निर्देशित ऊर्जा मात्र त्या प्रामाणिकपणावरच घाव घालते, कारण ती प्रोग्रॅमशी बोलत नाही, ती ट्रान्झिस्टरमधील विद्युतभाराशी बोलते. लेझरच्या किरणाने विमान पेटवण्याच्या दृश्याला वृत्तपत्रांत जे महत्त्व मिळते ते या दृष्टीने अवाजवी आहे. त्याहून गंभीर धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या, जळल्याची खूण न ठेवणाऱ्या आणि यंत्राला केवळ चुकायला लावणाऱ्या ऊर्जेचा आहे, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

विद्युतप्रवाह वाहणारी प्रत्येक तार काही प्रमाणात अँटेना असते, आणि अँटेनाचा नियम असा की जी ज्या दिशेला व ज्या वारंवारतेवर उत्तम प्रक्षेपण करते, ती त्याच दिशेने व त्याच वारंवारतेवर उत्तम ग्रहणही करते. याचा लष्करी अर्थ सरळ आहे : ज्या फटीतून यंत्रातील माहिती बाहेर झिरपते, त्याच फटीतून बाहेरची ऊर्जा आत शिरू शकते. या नियमाची पहिली बाजू दुसऱ्या महायुद्धातच उघड झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तारयंत्रावरील संदेश संकेतबद्ध करणारे एक यंत्र तपासले जात असताना, ते यंत्र पाऊल टाकेल तेव्हा प्रयोगशाळेच्या दूरच्या कोपऱ्यातील ऑसिलोस्कोपवर टोकदार स्पंद उमटतात, आणि त्या स्पंदांवरून मूळ संदेश वाचता येतो, असे एका अभियंत्याच्या लक्षात आले. संकेतलेखनाचे गणित निर्दोष होते. ते ज्या धातूच्या पेटीत घडत होते ती पेटी बोलकी होती.

दुसरी बाजू, म्हणजे बाहेरून झोत टाकून आतली माहिती मिळवणे, सोव्हिएत गुप्तहेर खात्याने त्याच सुमारास प्रत्यक्षात आणली. 4 ऑगस्ट 1945 रोजी सोव्हिएत मुलांच्या पथकाने अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकी राजमुद्रेची लाकडी कोरीव प्रतिकृती भेट दिली आणि ती राजदूतांच्या मॉस्कोतील निवासस्थानी भिंतीवर लागली. तिच्या आत लिऑन थेरेमिन या शास्त्रज्ञाने रचलेली एक पोकळ धातूची डबी आणि तिला जोडलेली छोटी अँटेना होती; बॅटरी नव्हती, तार नव्हती, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ती सापडण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरून विशिष्ट वारंवारतेच्या रेडिओ लहरींचा झोत टाकला की खोलीतील आवाजाने डबीचा पातळ पडदा थरथरे आणि परत येणाऱ्या लहरीवर ते बोलणे उमटे. 1952 मध्ये ती सापडली आणि मे 1960 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत जाहीरपणे दाखवली गेली. माहिती मिळवण्यासाठी ऊर्जेचा झोत वापरण्याचे याहून स्वच्छ उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल, आणि शस्त्र म्हणून त्याची गणना होत नाही हे खरे असले, तरी सायबर युद्धाच्या वंशावळीत त्याचे स्थान अग्रभागी असले पाहिजे.

ऊर्जेच्या विध्वंसक रूपाचा धडा 1962 मध्ये मिळाला. 9 जुलै रोजी प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर सुमारे 400 किलोमीटर उंचीवर अमेरिकेने ‘स्टारफिश प्राइम’ नावाचा 1.4 मेगाटनचा अणुस्फोट केला. उंचावरील अणुस्फोटातून निघालेली गॅमा किरणे वातावरणातील अणूंपासून इलेक्ट्रॉन सोडवतात, ते इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळतात, आणि त्यातून निर्माण होणारा विद्युतचुंबकीय स्पंद विस्तीर्ण भूभागावर आदळतो. जवळपास 1,400 किलोमीटर दूरच्या होनोलुलूत रस्त्यांवरील सुमारे 300 दिवे विझले, घरफोडीच्या धोक्याच्या घंटा वाजू लागल्या, आणि काउआई बेटाला जोडणारा टेलिफोनचा मायक्रोवेव्ह दुवा तुटला. सोव्हिएत संघाने 22 ऑक्टोबर 1962 रोजी, म्हणजे क्यूबाचा पेचप्रसंग चालू असताना, कझाकस्तानवर सुमारे 290 किलोमीटर उंचीवर 300 किलोटनचा स्फोट केला. तेव्हा 570 किलोमीटर लांबीच्या टेलिफोन तारेवरील संरक्षक साधने निकामी झाली, कारागांडातील वीजकेंद्राला आग लागली, आणि जमिनीखाली पुरलेली, धातूच्या वेष्टनातली दीर्घ वीजवाहिनीसुद्धा सुरक्षित राहिली नाही.

तथापि या काळातील सर्वांत बोधप्रद घटना दिव्यांची नसून एका उपग्रहाची आहे. टेलस्टार हा दळणवळण उपग्रह स्टारफिशच्या दुसऱ्याच दिवशी, 10 जुलै 1962 रोजी सोडण्यात आला, आणि त्या स्फोटाने अंतराळात अडकवून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यातून तो वारंवार जाऊ लागला. नोव्हेंबरमध्ये त्याने जमिनीवरून पाठवलेल्या आज्ञा मानणे बंद केले. उपग्रह फुटला नव्हता, त्याची वीज गेली नव्हती. आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या सर्किटमधील ट्रान्झिस्टर किरणोत्सर्गाने बिघडले होते. बेल प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी तसेच ट्रान्झिस्टर जमिनीवर किरणोत्सर्गात ठेवून दोष ओळखला, आज्ञांच्या स्पंदांची रचना बदलली, आणि जानेवारी 1963 मध्ये उपग्रहाला काही काळापुरते पुन्हा कामाला लावले. फेब्रुवारीत तो कायमचा मुका झाला. भौतिक इजा आज्ञाभंगाच्या रूपाने प्रकट होणे, आणि तिच्यावरचा उपाय नव्या आज्ञांच्या रूपाने शोधला जाणे, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तर हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यातील सीमारेषा लष्करी दृष्टीने किती पुसट आहे हे 1962 मध्येच स्पष्ट झाले होते असे म्हणावे लागते.

अणुस्फोटाशिवाय असाच परिणाम मर्यादित क्षेत्रात घडवण्याच्या प्रयत्नांतून उच्चशक्ती मायक्रोवेव्ह शस्त्रे आली. त्यांची रचना थोडक्यात अशी असते. अनेक कपॅसिटर समांतर जोडून हळूहळू भारित करायचे आणि मग एकाच क्षणी त्यांची एकसर जोडणी होईल अशी व्यवस्था करून प्रचंड व्होल्टेजचा स्पंद मिळवायचा. एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही योजना 1924 मधील आहे. त्या स्पंदाने निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा जोरकस झोत सोडायचा. झोत इतका दाट असतो की नळीत एके ठिकाणी इलेक्ट्रॉन साठून मागून येणाऱ्यांना परत लोटू लागतात, आणि या मागेपुढे होण्यातून अब्जावधी वॅटच्या मायक्रोवेव्ह लहरी निर्माण होतात. अशा साधनाला विरकेटर म्हणतात. शस्त्राची ताकद वॅटमध्ये ऐकून दडपून जाण्याचे मात्र कारण नाही. एक अब्ज वॅटचा स्पंद 100 नॅनोसेकंद टिकला तर त्यातील एकूण ऊर्जा 100 ज्यूल भरते, म्हणजे 60 वॅटचा घरगुती दिवा दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळात जेवढी वीज वापरतो तेवढीच. या ऊर्जेने भिंत पडत नाही, माणूस भाजत नाही. पण ज्या चिपचा व्यवहार एखाद्या व्होल्टच्या फरकावर चालतो, तिच्या तारांत एवढ्या अल्प वेळात हजारो व्होल्ट प्रति मीटर तीव्रतेचे क्षेत्र उभे राहिले, तर तिचे भान हरपायला तेवढे पुरेसे असते.

झोत किती पसरतो हे लहरीची लांबी आणि अँटेनाचा व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. तीन गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हची लहर 10 सेंटिमीटर लांबीची असते. ती एक मीटर व्यासाच्या तबकडीतून सोडली तर एक किलोमीटरवर झोताची रुंदी सुमारे 100 मीटर होते. लेझरची लहर मीटरच्या दशलक्षांश भागाएवढी असल्याने दहा सेंटिमीटर व्यासाच्या आरशातून निघालेला तिचा झोत त्याच अंतरावर, तत्त्वतः, मूळ आरशाहून फारसा रुंद होत नाही. म्हणून लेझर एका कॅमेऱ्यावर रोखता येतो आणि मायक्रोवेव्ह सबंध इमारतीवर पसरतात. इमारतीत ऊर्जा शिरण्याच्या दोन वाटा असतात, ज्यांना या क्षेत्रात पुढचे दार आणि मागचे दार म्हणतात : रडार, मोबाइल किंवा वायफायच्या अँटेनातून शिरणारी ऊर्जा पुढच्या दाराने येते, तर वीजतारा, नेटवर्कच्या केबल, पेटीच्या सांध्यांतील फटी आणि हवा खेळण्यासाठी ठेवलेली छिद्रे हे मागचे दार ठरते. फायरवॉल या दोन्ही दारांवर उभी नसते, आणि इंटरनेटपासून पूर्णपणे तोडलेला संगणकही वीजतारेपासून तोडलेला नसतो.

16 ऑक्टोबर 2012 रोजी अमेरिकेतील युटा येथील वाळवंटी चाचणीक्षेत्रावर बोइंग आणि हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने ‘चॅम्प’ या क्षेपणास्त्राची चाचणी केली तेव्हा हे प्रत्यक्ष दिसले. सुमारे तासाभराच्या उड्डाणात क्षेपणास्त्राने सात लक्ष्यांवर मायक्रोवेव्ह स्पंद सोडले. दुमजली इमारतीत रांगेने मांडलेले चालू संगणक बंद पडले, आणि चाचणीचे चित्रण करण्यासाठी लावलेले कॅमेरेही त्यांच्याबरोबर गेले. कॅमेऱ्यांचे हे बंद पडणे बोइंगच्या निवेदनात यशाच्या सुरात नोंदले गेले. वस्तुतः ते एका मोठ्या अडचणीचे लक्षण आहे, कारण जे शस्त्र साक्षीदारही मिटवते त्याच्या वापराचा पुरावा कोठून आणायचा हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो.

यानंतरच्या दशकात ड्रोनच्या थव्यांनी या शस्त्रांना नवे काम मिळवून दिले. ड्रोन म्हणजे उडणारा संगणकच असल्याने एकेका ड्रोनमागे धावण्यापेक्षा झोताच्या रुंदीत सापडलेल्या सर्वांचे मार्गदर्शन एकाच वेळी बिघडवणे सोपे, या विचाराने एप्रिल 2023 मध्ये न्यू मेक्सिकोतील कर्टलंड तळावर ‘थॉर’ या मायक्रोवेव्ह यंत्रणेची थव्यावर चाचणी झाली. भारताच्या संरक्षण संशोधन व विकास संस्थेने 13 एप्रिल 2025 रोजी कर्नूल येथे 30 किलोवॅट वर्गाच्या लेझर शस्त्राने स्थिर पंखांचे मानवरहित विमान व ड्रोनचा थवा यांच्यावर मारा केला. त्या वेळच्या निवेदनात विमानाच्या सांगाड्याच्या हानीबरोबर टेहळणीचे संवेदक निकामी केल्याचा स्वतंत्र उल्लेख होता. बातम्यांत सांगाड्याला प्राधान्य मिळाले. संवेदक निकामी होणे अधिक विचार करण्याजोगे होते, कारण आंधळ्या झालेल्या यंत्राला काय दाखवायचे आणि काय लपवायचे हा पुढचा टप्पा सायबर युद्धाचाच आहे.

आंधळे करण्यापेक्षाही सूक्ष्म असा एक प्रकार आहे, तो चूक पेरण्याचा. मेमरीतील एका अंकाच्या बदलाने काय होते याचे उदाहरण 2003 मध्ये बेल्जियममधील स्खारबेक येथे मिळाले, जेथे इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराला 4,096 मते जास्त पडल्याचे दिसले. हा आकडा दोनचा बारावा घात असल्याने मेमरीतील नेमका एक अंक उलटला असावा, आणि त्याला कदाचित वैश्विक किरण कारणीभूत असावा, असा तर्क केला गेला. निसर्गाने अपघाताने जे घडवले असेल ते हेतुपूर्वक घडवता येते का, याचे उत्तर त्याआधीच मिळालेले होते. 1997 मध्ये डॅन बोनेह, रिचर्ड डिमिलो आणि रिचर्ड लिप्टन यांनी दाखवले की, दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर आधारलेल्या डिजिटल स्वाक्षरीचे गणित वेगासाठी दोन अर्ध्यांत केले जात असेल, आणि त्यातील एका अर्ध्यात कोणतीही एक चूक घडवता आली, तर त्या एकाच सदोष स्वाक्षरीवरून मूळ संख्या, म्हणजेच गुप्त किल्ली, शोधता येते. जे गणित जगातील सर्व संगणक मिळून अतिदीर्घ काळ राबले तरी सुटू नये, ते एका चुकीने उघडे पडते. 2002 मध्ये केंब्रिज येथील सर्गेई स्कोरोबोगातोव्ह आणि रॉस अँडरसन यांनी अशी चूक घडवण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत हे सिद्ध केले. जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश सूक्ष्मदर्शकातून उघड्या चिपवर रोखून त्यांनी मेमरीतील एकेक अंक हवा तसा बदलून दाखवला.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. चिपचे आवरण काढून टेबलावर केलेला प्रयोग रणांगणावर किलोमीटरभर अंतरावरून करता येत नाही, आणि दूरवरून नेमका हवा तो अंक उलटवण्याची कल्पना अजून कल्पनाच आहे. पण शत्रूच्या हाती पडलेले उपकरण टेबलावरच जाते. 1 एप्रिल 2001 रोजी अमेरिकेच्या टेहळणी विमानाला चिनी लढाऊ विमानाशी टक्कर झाल्यावर हैनान बेटावर उतरावे लागले, तेव्हा आतल्या कर्मचाऱ्यांनी संकेतलेखनाची साधने हाताला लागेल त्याने फोडण्याची जी धडपड केली, तिच्यामागे हीच भीती होती. पाडलेल्या ड्रोनमधील किंवा सोडून दिलेल्या रेडिओसंचातील चिपवर लेझरचे टोक धरून किल्ली काढणे हे निर्देशित ऊर्जेचे सर्वांत कमी चर्चिले जाणारे लष्करी कार्य आहे.

तरीही दूरवरून यंत्राला फसवणे पूर्णपणे अशक्य नाही. 2019 मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि टोकियोतील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी, आवाजावर चालणाऱ्या घरगुती उपकरणांच्या मायक्रोफोनवर लेझरचा प्रकाश कमीजास्त करत पाडला, तर मायक्रोफोन तो प्रकाश आवाज म्हणून ‘ऐकतो’ आणि उपकरण आज्ञा पाळते, हे 110 मीटर अंतरापर्यंत करून दाखवले. येथे काही जळत नाही, काही बिघडतही नाही. ऊर्जेचा झोत स्वतःच आज्ञा होतो. 6 सप्टेंबर 2007 रोजी इस्रायली विमानांनी सीरियातील अल किबर येथील अणुभट्टी उद्ध्वस्त केली तेव्हा सीरियाची रडारयंत्रणा गप्प का राहिली, याविषयी विमानविषयक नियतकालिकांत असाच तर्क मांडला गेला, की रडारच्या अँटेनातूनच त्या यंत्रणेत माहितीचा प्रवाह घुसवला गेला असावा. इस्रायलने 2018 मध्ये हल्ल्याची कबुली दिली, पण हा तर्क तर्कच राहिला आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा या साऱ्याच्या मागे पडला आहे. माणसांना कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेल्या लेझर शस्त्रांवर 1995 च्या व्हिएन्ना करारपत्राने बंदी आली, हे मोठे पाऊल होते. परंतु त्याच करारपत्राने प्रकाशीय उपकरणांविरुद्धच्या लेझरचा वापर मोकळा ठेवला. सायबर कारवायांना युद्धाचे नियम कसे लावावेत याची मांडणी करणाऱ्या, 2017 मध्ये सुधारित रूपात आलेल्या टॅलिन पुस्तिकेतील बहुसंख्य तज्ज्ञांनी असे मत दिले की, यंत्राचे काम बंद पडणे हे ‘नुकसान’ तेव्हा मानावे, जेव्हा ते पुन्हा चालू करण्यासाठी एखादा भौतिक भाग बदलावा लागेल. सॉफ्टवेअरच्या हल्ल्याला ही कसोटी लावता येते. मायक्रोवेव्हला लावली तर विचित्र परिस्थिती उद्भवते, कारण झोताची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते : 300 मीटरवरील रुग्णालयाचा सर्व्हर जळेल आणि तो ‘हल्ला’ ठरेल, 900 मीटरवर तीव्रता एक नवमांश उरल्याने तिथला सर्व्हर केवळ गोठेल, बंद करून चालू केल्यावर पूर्ववत होईल, आणि दरम्यान त्याच्यावर विसंबलेला रुग्ण दगावला नाही तर कायद्याच्या दृष्टीने काही घडलेच नसेल. एकाच स्पंदाची कायदेशीर ओळख मीटरपट्टीने ठरावी ही गोष्ट स्वीकारण्याजोगी नाही. नागरी यंत्रणेचे काम थांबवणे हेच नुकसान मानले पाहिजे, मग ते कितीही अल्पकाळ थांबो.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण तुर्भे. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘काली’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉन-त्वरकांची मालिका उभी राहिली. हजारो अँपिअरचा इलेक्ट्रॉन झोत नॅनोसेकंदांत मोजण्याएवढ्या अल्पकाळासाठी देणाऱ्या या यंत्रांपासून क्ष-किरणांचे झटके आणि उच्चशक्ती मायक्रोवेव्ह मिळवता येतात. समाजमाध्यमांवर ‘काली’ला क्षेपणास्त्रे वितळवणारे गुप्त अस्त्र ठरवणारा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आला आहे, आणि त्यामुळे तिच्या खऱ्या मोलाकडे दुर्लक्ष झाले आहे. अशा यंत्राचे पहिले मोल परीक्षकाचे आहे : आपल्याच विमानातील, उपग्रहातील, वीजकेंद्रातील इलेक्ट्रॉनिक्सवर मोजून मापून असा स्पंद टाकणे, ते कोणत्या तीव्रतेला अडखळते हे पाहणे, आणि मग धातूचे अखंड आवरण, तारांवरील फिल्टर, नीट केलेले अर्थिंग व तांब्याऐवजी काचतंतूची केबल यांच्या साहाय्याने ते कणखर करणे. शस्त्राच्या संशोधनाइतकाच पैसा आणि मान या परीक्षणाला मिळाला पाहिजे, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. संरक्षणाच्या अंदाजपत्रकात अर्थिंगला कोणी टाळ्या वाजवत नाही हे त्याचे कारण आहे.

दुसरे ठिकाण मुंबईची वीज. 12 ऑक्टोबर 2020 रोजी महानगराचा मोठा भाग अंधारात गेला, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढच्या वर्षी मार्चच्या आरंभी राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता व्यक्त केली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. या घटनेत निर्देशित ऊर्जेचा कोणताही संबंध कोणी सुचवलेला नाही आणि येथेही तो सुचवायचा नाही. लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच की, जो संशयित हल्ला संगणकाच्या नोंदींत काही खुणा ठेवू शकतो, त्याच्याबाबतही दोन जबाबदार मंत्र्यांची कारणमीमांसा जुळली नाही. मायक्रोवेव्ह स्पंद अशा नोंदीत काहीच लिहीत नाही. नोंद फार तर मध्येच तुटते. उपकेंद्रांत आणि नियंत्रणकक्षांत विद्युतचुंबकीय क्षेत्राची तीव्रता, वेळ व दिशा टिपणारी साधी शोधयंत्रे कायमची बसवणे, आणि त्यांच्या नोंदी धातूच्या आवरणात स्वतंत्रपणे जतन करणे, हे आजच्या तंत्रज्ञानाला सहज शक्य आहे. ती नसतील तर पुढच्या खेपेस चौकशी समितीला सर्व्हरच्या नोंदी चाळून मानवी चूक की घुसखोरी या दोनच शक्यतांमध्ये निवड करावी लागेल, आणि तिसरी शक्यता अहवालात येणारच नाही.